गरोदरपणात कोणता मासा खावा, हे सांगणार कोण?

किनारपट्टीवरच्या घरात सून गरोदर राहिली की माशांबद्दल तीन वेगवेगळे सल्ले तिच्या कानावर पडतात. सासू म्हणते, मासे खा, बाळ चांगलं भरेल. मोबाइलवर फिरत आलेला निरोप सांगतो, माशांत पारा असतो, मासे बंद. आणि दवाखान्यातल्या गर्दीत चुटकन विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, "कशाला रिस्क घेता? नऊ महिने सोडून द्या." तिघांनाही तिची काळजी आहे, पण "कोणता मासा?" हा प्रश्न तिघांपैकी एकही जण विचारत नाही. सगळं उत्तर त्या प्रश्नावर अडलेलं आहे. तारली आणि मोठी मोरी, दोन्हींना आपण मासेच म्हणतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काढलेल्या सरासरीत मात्र तिकडच्या तारलीच्या जातीत आणि शार्कमध्ये, म्हणजे आपल्या मोरीच्या भाऊबंदांत, पाऱ्याचा फरक पन्नास पटींहून जास्त आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे की हा फरक ओळखण्याची जबाबदारी त्या बाईवर टाकणं अन्यायाचं आहे. पारा डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. कल्ले लाल आहेत का हे पाहून ताजेपणा कळतो, पारा कळत नाही. तो मोजावा लागतो. मोजायची यंत्रं आणि माणसं सरकारकडे आहेत. त्यांनी मोजून, जातीवार आकडे लोकांपुढे मांडून, सोप्या भाषेत सांगितलं पाहिजे. तसं होत नाही म्हणून आपल्याकडे या विषयावर एक तर घबराट असते, नाहीतर चिडीचूप.

आधी हा पारा माशात येतो कुठून ते पाहू. समुद्रातल्या पाऱ्याचा मोठा भाग हवेतून येतो. दगडी कोळशात पारा अगदी अंशमात्र असतो, पण कोळसा जळतो लाखो टनांनी. शिवाय जगभर लहान लहान खाणींत सोनं वेगळं करायला पारा वापरतात आणि नंतर तो तापवून उडवून देतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१५ या एका वर्षात माणसाच्या उद्योगांमुळे सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यात पहिला वाटा या सोन्याच्या खाणींचा आणि त्याखालोखाल कोळशाचा होता. हवेतून उतरलेला पारा पाण्यात आणि गाळात जातो. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा थरात काही जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. खरं विष हे. सूक्ष्म प्लवकांनी ते शोषलं, प्लवक मांदेलीने खाल्लं, मांदेली मोठ्या माशाने, त्याला सुरमईने, सुरमईला मोरीने. खाल्लेलं मिथाइल मर्क्युरी शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्यामुळे प्रत्येक पायरीवर ते साठत जातं. मासा जितका मोठा, जितका जुना आणि जितका शिकारी, तितका त्याच्यात पारा जास्त. पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पटींनी जास्त पारा अशा माशाच्या मांसात सापडतो.

तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे कातडी काढून, हळद-मीठ चोळून, कोकमाच्या आगळात मुरवून किंवा कडकडीत तळून तो जात नाही. तळताना पाणी उडतं, म्हणजे शिजलेल्या तुकडीत ग्रॅममागे तो उलट किंचित वाढतोच.

पोटात गेलेलं मिथाइल मर्क्युरी जवळजवळ सगळं, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास, शोषलं जातं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला साधारण ५० दिवस लागतात. शरीराला लागणाऱ्या एका अमिनो आम्लाचं सोंग घेऊन ते मेंदूत शिरतं आणि वारेतूनही पार होतं. नाळेच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा सरासरी दीडपटीहून जास्त आढळतं.

आता एक हिशेब ताटात मांडून बघू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथाइल मर्क्युरीची मर्यादा ठरवली: आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. बाईचं वजन ५५ किलो धरलं तर आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम. आपल्या कायद्यात सर्वसाधारण माशासाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. बरोबर त्या मर्यादेवर असलेल्या माशाची दीडशे ग्रॅमची एक तुकडी खाल्ली की ७५ मायक्रोग्रॅम पारा पोटात गेला. बुधवारी एक आणि रविवारी एक अशा दोन तुकड्या झाल्या की १५०. म्हणजे पाऱ्याच्या या मर्यादेत बसलेला मासाही आठवड्यातून दोनदा खाल्ला तर गरोदर बाईची मर्यादा ओलांडली जाते. किलोमागे एक मिलिग्रॅम पारा असलेल्या मोठ्या मोरीची तर एकच तुकडी पुरते. तारलीत किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम धरलं तर तेच ८८ मायक्रोग्रॅम व्हायला आठवड्याला चार किलोहून जास्त तारली खावी लागेल. एवढी कोण खातं? "मासे खावेत की नाही" हा प्रश्नच चुकीचा आहे, हे मला या आकड्यांनी पटवलं.

पारा आणि मासे म्हटलं की मिनामाताचं नाव येतं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात चार ओळी येतात आणि विषय संपतो. त्या चार ओळींत मुख्य गोष्ट राहून जाते. जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात मिनामाता हे मासेमारीचं गाव. तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनायचं, त्यात पारा वापरला जायचा आणि सांडपाणी खाडीत सोडलं जायचं. आधी मांजरं वेड्यासारखी नाचत, झटके येऊन मरू लागली. मग माणसं. बोटं आणि ओठ बधिर, नजर चिंचोळी, चालताना तोल जातो, बोबडी वळते. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अनोळखी आजार पसरतो आहे. आजार खाडीतल्या माशांमुळे होतो आहे याचा संशय लवकरच पक्का होत गेला. १९५७ साली कुमामोतो प्रशासनाने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला विचारलं की अन्न स्वच्छता कायद्याखाली या खाडीतल्या माशांवर बंदी घालता येईल का. उत्तर आलं की खाडीतले सगळेच मासे विषारी आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही, तेव्हा कायदा लागू करता येत नाही.

हे उत्तर मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी संताप येतो. पुरावा गोळा करणं ज्यांच्या हातात होतं, तेच पुरावा नाही म्हणून हात झटकत होते.

१९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याचं तोंड खाडीतून हलवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेलं. आजार किनाऱ्यावरच्या नव्या गावांत पोचला. १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की कारण सेंद्रिय पारा हेच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला खाऊ घातलं. त्या मांजराचा प्रयोगातला क्रमांक ४००. त्याला तीच लक्षणं आली. कंपनीने निष्कर्ष दाबून ठेवला आणि असे पुढचे प्रयोग थांबवायला लावले. डिसेंबरमध्ये रुग्णांच्या कुटुंबांशी करार झाला: थोडे "सहानुभूतीचे" पैसे घ्या, आणि पुढे दोष कंपनीचाच ठरला तरी आणखी काही मागायचं नाही. सही करणाऱ्यांना मांजर क्रमांक ४०० ची गोष्ट ठाऊक नव्हती. कारखान्याने पाऱ्याची ती प्रक्रिया बंद केली १९६८ च्या मे महिन्यात आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. नऊ वर्षं उत्तर कागदावर होतं आणि लोक मासे खात होते. दरम्यान १९६५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या सांडपाण्यामुळे जपानमधल्याच निगाता इथे तोच आजार पुन्हा उभा राहिला होता.

त्या काळी डॉक्टरांची समजूत होती की वार बाळाला विषापासून वाचवते. मिनामातातल्या मुलांनी ती खोटी ठरवली. आईला फारसा त्रास नाही आणि मूल मात्र जन्मतःच मेंदूला गंभीर इजा झालेलं, अशी घरं तिथे होती. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी पेटीत जपून ठेवायची चाल आहे. संशोधकांनी पुढे घराघरांतून या नाळा मागून घेतल्या आणि त्यांतला मिथाइल मर्क्युरी मोजला. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत चढलं, त्याच सुमारास जन्मलेल्या मुलांच्या नाळेत पाराही चढलेला सापडला. सरकारी नोंदवही गप्प असताना आयांनी कपाटात ठेवलेल्या पेट्यांत सगळी नोंद होती.

आपला समुद्र म्हणजे मिनामाता नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. तिथल्या माशांत किलोमागे ५ ते ३५ मिलिग्रॅम पारा सापडला होता. आपल्या किनाऱ्यावरच्या लहान माशांत तो साधारणपणे मर्यादेच्या बराच खाली असतो. बाजारातली सुरमई खाऊन कोणाची बोटं बधिर होणार नाहीत. आपल्याकडचा प्रश्न थोड्या थोड्या पाऱ्याचा आहे आणि त्याचा परिणाम झालाच तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर. तो बारीक असतो, मोजल्याशिवाय दिसत नाही. अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास झाला. गर्भात जास्त पारा पोचलेल्या मुलांची भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती सातव्या वर्षी थोडी कमी भरली. तिथला पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून आला होता. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आया आठवड्याला डझनभर वेळा समुद्रातले मासे खातात. तिथल्या मुलांत असे ठाम दुष्परिणाम दिसले नाहीत. माशांतलं ओमेगा-३, आयोडीन, प्रथिनं आणि इतर पोषण पाऱ्याचा काही भार भरून काढत असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दोन बेटांचे हे दोन निकाल परस्परविरोधी म्हणून मांडले जातात. मला ते एकमेकांना पूरक वाटतात. मासे सोडण्यातही नुकसान आहे आणि कसलाही विचार न करता कोणताही मासा खाण्यातही. अमेरिकेने २००१ साली गरोदर स्त्रियांना पाऱ्याबद्दल इशारा दिला तेव्हा नेमकं हेच घडलं. टाळायचे मासे मोजके होते, पण पुढे झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बायकांनी एकूणच मासे कमी केले. नंतर तिथला सल्ला बदलत गेला. आज तो म्हणतो, आठवड्याला आठ ते बारा औंस, म्हणजे सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, कमी पाऱ्याचे मासे जरूर खा आणि शार्क, तलवार मासा, मार्लिन, किंग मॅकरेल टाळा. हा किंग मॅकरेल आपल्या सुरमईच्याच कुळातला आहे. पण जात वेगळी आणि समुद्रही वेगळा. म्हणून तिकडचा आकडा उचलून आपल्या सुरमईला चिकटवणं बरोबर नाही. आपल्या सुरमईचा आकडा आपणच काढला पाहिजे आणि तोही वजनावार, कारण एक किलोची सुरमई आणि आठ किलोची सुरमई पाऱ्याच्या दृष्टीने सारखी नसते.

मोरीचा विषय तर आणखी नाजूक. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालण्याची जुनी समजूत आहे, तमिळनाडूतही मुशीबद्दल, म्हणजे लहान मोरीबद्दल, हेच मानतात. कोणी या समजुतीची थट्टा करू नये. प्रसूतीनंतर बाईला पचायला हलकं, काटे नसलेलं, भरपूर प्रथिनांचं अन्न मिळावं, एवढा शहाणपणा त्यात नक्की आहे. आईच्या दुधातून मिथाइल मर्क्युरी उतरतं तेही गर्भात पोचणाऱ्या प्रमाणापेक्षा कमी. आणि हातभर लांबीची मुशी म्हणजे काही खोल समुद्रातली माणसाएवढी मोरी नव्हे. पण बाजारात मोरी तुकडे करूनच मिळते. तुकडा केवढ्या मोरीचा होता, हे विकणाऱ्या मावशीला बरोबर ठाऊक असतं, घेणाऱ्या सुनेला नसतं. कोणी दोघींना सांगितलं, की गरोदरपणात मोठी मोरी नको, त्या जागी बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी घे, तर परंपरेला धक्का न लावता प्रश्न सुटतो. हे सांगणारं कोणी नाही, हीच माझी तक्रार आहे.

मोजणं अशक्य आहे असंही नाही. युरोपला निर्यात होणाऱ्या माशांची पाऱ्यासाठी तपासणी होते, कारण तिकडचा ग्राहक आणि कायदा ती मागतो. प्रयोगशाळा आहेत, माणसं आहेत, पद्धती आहेत. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. २०१२ साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीतल्या संस्थेने उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रच्या कोळसापट्ट्यात तपासणी केली, तेव्हा रिहंद जलाशयाच्या माशांत मिथाइल मर्क्युरी मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ज्ञान तुकड्यातुकड्यांनी आहे. ते शोधपत्रिकेतून मासळी बाजारात उतरत नाही. ससून डॉकवर उतरलेली घोळ मासळी युरोपात कोणाच्या ताटात जाणार असेल तर तपासायची आणि भायखळ्यात कोणाच्या ताटात जाणार असेल तर नाही, ही विभागणी मला सहन होत नाही.

यावर मच्छीमारांकडून येणारा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, आधीच मासळी कमी, डिझेल महाग, त्यात तुम्ही पाऱ्याचं नाव घेतलं की गिऱ्हाईक पळेल. भीती खरी आहे. २०१८ च्या जुलैत गोव्यात, प्रेतं टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनचा, माशांत ते मिसळल्याच्या संशयावरून गोंधळ झाला. मडगावच्या घाऊक बाजारात तपासणी झाली, सुरुवातीला सापडलं म्हणाले, मग मर्यादेत आहे म्हणाले, आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या माशांवर काही दिवस बंदी आली. गिऱ्हाइकाचा ना पहिल्या आकड्यावर विश्वास राहिला, ना दुसऱ्या. मार खाल्ला तो टोपली घेऊन बसलेल्या बायकांनी. पण त्यातून निघणारा अर्थ मी उलटा काढतो. वर्षभर, नेमाने, जातीवार आकडे जाहीर होत असते तर एका सकाळच्या एका चाचणीने बाजार कोसळला नसता. शिवाय पाऱ्याचा तक्ता प्रामाणिकपणे लावला तर त्यात कमी पाऱ्याचे म्हणून वर येतात बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. म्हणजे रापणीच्या आणि छोट्या होड्यांच्या जाळ्यात येणारी, गरिबाला परवडणारी मासळी. हा सल्ला लहान मच्छीमाराच्या बाजूचा आहे.

दुसरी धास्ती वेगळ्या प्रकारची. मांसाहाराला नाकं मुरडणारे लोक पाऱ्याचं निमित्त करून माशांवरच घसरतील, असं अनेकांना वाटतं. वाटणं स्वाभाविक आहे, ताटात काय असावं यावर आपल्याकडे फार उपदेश होतो. पण पारा माशाने तयार केलेला नाही. औद्योगिक युगापासून समुद्राच्या वरच्या थरातला पारा तिपटीहून जास्त वाढल्याचा अंदाज २०१४ साली शास्त्रज्ञांनी मांडला. "आमच्या पणज्या मोरी खाऊन ठणठणीत होत्या" याचं उत्तर त्यातच आहे. पणजीची मोरी ज्या समुद्रात पोहत होती, तो आता राहिला नाही.

म्हणून खाणाऱ्याला सल्ला देऊन सरकारने सुटका करून घ्यायची नाही. भारताने पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला मिनामाताचंच नाव आहे, २०१८ मध्ये मान्य केला. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुरात पाऱ्याची मर्यादा घालून दिली होती, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. त्याच अधिसूचनेत गंधकाच्या धुरासाठीही मर्यादा होत्या. त्यांची मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. चर्चा झाली ती गंधकाची आणि खर्चाची. पण धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, जिला एफजीडी म्हणतात, ती पाण्यात विरघळणाऱ्या रूपातला पाराही सोबत पकडते. ती नसली की हा फायदाही गेला. चंद्रपूर आणि कोराडीसारखी मोठी केंद्रं विदर्भात आहेत, डहाणू आणि जयगडची केंद्रं थेट मासेमारीच्या किनाऱ्यावर. कोणत्या चिमणीतून वर्षाला किती पारा गेला, हे तिथल्या मच्छीमाराला साध्या मराठीत वाचता आलं पाहिजे.

हे काम सुरू करायला नवा कायदा लागत नाही. पावसाळी बंदी संपून १ ऑगस्टला बोटी बाहेर पडल्या की ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांवर दर महिन्याला ठरावीक जातींचे, ठरावीक वजनगटांचे नमुने घ्यावेत. आकडे जसे येतील तसे, जास्त आले तरी, बंदराच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावेत. त्यावरून काढलेलं एक पान गरोदर बाईच्या तपासणी कार्डाला जोडावं: हे मासे आठवड्यातून दोन-तीनदा खा, हे महिन्यातून एकदा, हे बाळ होईपर्यंत नको. आशाताईंच्या प्रशिक्षणात हा अर्धा तास असावा. आणि पारा निम्मा व्हायलाच ५० दिवस लागतात, तेव्हा तिसऱ्या महिन्यात नोंदणी होईपर्यंत थांबून चालणार नाही. मूल हवं असं ठरवलेल्या जोडप्यालाच हे पान मिळालं पाहिजे. मच्छीमार सोसायट्यांना या तपासणीत पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं, नमुना त्यांच्या समोर उचलावा, आणि निकाल वर्तमानपत्रात यायच्या आधी त्यांच्या हातात द्यावा.